साक्षीला ईशा

तारनाका, शुक्रवार, २ फेब्रुवारी २०२४

हेमंत,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस. पण घटस्फोटाच्या वेळी समुपदेशक बाईंनी घातलेली अट तुझ्या सहीनिशी कागदावर आहे, की मुलीबद्दल जे काही असेल ते एकमेकांना लेखी कळवायचं. म्हणून हे लेखी. ईशा दर शनिवारी सकाळी तारनाक्याला मेट्रोत बसते आणि हायटेक सिटीला तुझ्याकडे उतरते, तीच स्टेपल मारलेलं पाकीट देईल. मी मराठीत आणि माझ्या नेहमीच्या अक्षरात लिहिणार आहे, कारण आपल्या लेकीला ते वाचता येत नाही. शाळेत तेलुगू, मैत्रिणींत इंग्रजी. माझं अक्षर बघून म्हणते, "मम्मी, हे काय, ईसीजी आहे का?" बरंच आहे. निदान आपल्याला मोकळेपणानं भांडता येईल.

तर कळवायचं ते असं. परवा जेवताना ईशा म्हणाली, या जुलैच्या हुसेनसागरातल्या शिडाच्या शर्यतीत ती बाबांची क्रू आहे. म्हणजे माझ्या जागेवर! मी म्हटलं, "सांभाळ गं, बाबा बोट बोयाला घासून काढतात." तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, प्लीज. ते तू केलं होतंस."

सहा वर्षं झाली, हेमंत. तुला आठवण द्यायला नको, पण देते. जुलै २०१८. शेवटची फेरी, बुद्धाच्या पुतळ्यापलीकडचा, वळणाची खूण म्हणून सोडलेला नारिंगी बोया. तू सुकाणूवर, मी तोल सांभाळायला तारेला लटकून बाहेर. वळताना बोटीचा मागचा भाग बोयाला लागला. मी ओरडले, "लागलं, हेमंत! गोल फिर!" लागलं की आपण होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची, कोणी बघो न बघो. पाण्यावर पंच नसतात, म्हणून तर हा नियम. तू म्हणालास, "गप्प बस. कोणी बघितलं नाही." आपण हिम्मतरावांच्या पाच सेकंद पुढे आलो, कप घेतला. संध्याकाळी कुणीतरी काढलेला फोटो मोबाइलवर फिरायला लागला. त्यात बोट बोयाला टेकलेली स्वच्छ दिसत होती. तेव्हा भर क्लबात तू काय म्हणालास? "मला कल्पनाच नव्हती. बाहेर ती होती. तिनं सांगितलंच नाही."

मी बोलले नाही. अकरा वर्षांची ईशा कप मांडीवर घेऊन बसली होती, तिच्यासमोर तिच्या बापाला खोटारडा म्हणायचं माझ्या जिवावर आलं. कप परत गेला, त्या वर्षी तो कोणालाच मिळाला नाही, तुझं नाव शाबूत राहिलं आणि पोरीच्या लेखी मी लबाड ठरले, ती आजतागायत. नंतर मी तिला खरं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही बोललीस?" घटस्फोटाचं मला काही वाटत नाही, फार बरं झालं. पण हे मी तुला सोडणार नाही.

म्हणून कळवते की मी बोट घेतलीय.

रसिका


तारनाका, शुक्रवार, १ मार्च

हेमंत,

ईशा म्हणाली, पत्र वाचून तू हसलास. हस. अजून हसायला पुष्कळ आहे, आणि ईशानं ते सांगण्याआधी मीच सांगते.

बोट हिम्मतरावांची जुनी. तीच, जिला आपण पाच सेकंदांनी हरवलं. क्लबामागच्या कडुनिंबाखाली चार वर्षं उपडी पडली होती, आत गांधीलमाश्यांचं पोळं. हिम्मतरावांचा खांदा गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. मी मलकपेठला त्यांच्या घरी गेले. मला वाटलं, दारातूनच हाकलतील. त्यांनी चहा दिला, सोबत उस्मानिया बिस्किटं दिली, आणि म्हणाले, "देणारा मी आहे म्हणून सांगतो, तिच्यात धड काहीच नाही. घेऊ नक्को." मी म्हटलं, घेणारच. मग ते पायात चपला अडकवून माझ्याबरोबर आले.

जुनी बोट कशी बघायची ते मला त्या दिवशी कळलं. तुझ्याबरोबर आठ वर्षं बोटीवर काढली, आणि तू मला फक्त 'आत ये', 'बाहेर हो', 'ओढ', 'सोड' एवढंच शिकवलंस. हिम्मतरावांनी खिशातून नाणं काढलं आणि बोटीच्या दोन्ही लांबट, तरंगत्या पोटांवर वीत वीत अंतरानं ठोकत गेले. टक्क वाजलं तर फायबर घट्ट. भद्द वाजलं तर आतून कुजलंय, पाणी मुरलंय. उजव्या पोटावर दोन जागी भद्द वाजलं. तिथे त्यांनी खडूनं गोल केले. "हे भरायचं. बाकी बाई जिवंत आहे," म्हणाले. दोन पोटांमधली जाळी उन्हानं सडली होती, बोटानं फाटत होती. ती मी नवी विणून घेतली आणि दोरी माझ्या हातानं ओवली. तीन रविवार गेले. नखं गेली ती वेगळीच.

आता हस. पहिल्या दिवशी बोट पाण्यात लोटली, शीड चढवलं, मोठ्या रुबाबात निघाले, आणि पन्नास फुटांवर बोट उजवीकडे कलायला लागली. मला वाटलं वारा. वारा कुठला! तळाची बुचं लावलीच नव्हती. आत शिरलेलं पाणी काढायला मागे दोन भोकं असतात, त्यांची बुचं माझ्या पँटच्या खिशात. सगळा क्लब काठावर उभा. ईशा तुझ्या बोटीवर होती आणि पोट धरून हसत होती. चालायचंच. तिला हसताना मी कित्येक महिन्यांनी पाहिलं.

हिम्मतराव म्हणाले, "ही चूक एकदाच होते." त्यांची स्वतःची तीनदा झाली होती, हे मला नंतर कळलं.

रसिका


तारनाका, शुक्रवार, १९ एप्रिल

हेमंत,

ईशाच्या परीक्षा संपल्या, पेपर बरे गेले. कळवायचं होतं, कळवलं.

आता माझं. बोट वाऱ्यातून पलीकडे वळवणं हे जगातलं सगळ्यात अपमानास्पद काम आहे. एका पोटाच्या होड्या गर्रकन वळतात. आपली ही दोन पोटांची भवानी नाक वाऱ्यात खुपसून उभीच राहते, शीड फडफडतं, आणि मग ती चक्क मागे जायला लागते. पहिला महिनाभर मी तलावाच्या मध्यावर अशी अडकून बसायचे, आणि तू शेजारून तुझ्या झकपक बोटीवर जाताना हात करायचास. हात! तुझ्या त्या हाताची मी मनात काय काय गत केली ते लिहीत नाही.

मग हिम्मतरावांनी सांगितलं, "मागे जाते ना, जाऊ दे. भांडू नक्को तिच्याशी. सुकाणू उलटं धर, पुढचं शीड उलट्या बाजूला ओढ, ती आपोआप वळते." वळते, हेमंत! मागे जाता जाता वळते. गेल्या रविवारी मी बारा वेळा वळवली, एकदाही अडकले नाही. मी मोठ्यानं ओरडले, तेव्हा काठच्या नेकलेस रोडवरून जाणारी चार माणसं थांबून बघायला लागली.

आणि मला कळलं की आठ वर्षं मी तारेला लटकून बघत होते त्यातलं सगळं माझ्या डोक्यात आहे. पुतळ्याच्या आडोशाला वारा कुठे मरतो, कुठे पुन्हा उठतो. आणि तू प्रत्येक बोया किती जवळून घेतोस, तेही. तुला हातभर अंतर ठेवायचं कधी जमलंच नाही. मी तुझ्यामागे राहून बघतेय. गेल्या चार रविवारी तू दोनदा घासलंस. सरावात कोण विचारतं म्हणा.

ईशानं परवा भांडी पुसता पुसता विचारलं, "मम्मी, सूड म्हणजे काय गं?" आजकाल कुठली मालिका बघते देव जाणे. मी म्हटलं, "कोणी आपलं वाईट केलं की त्याला ते परत करायचं." ती म्हणाली, "रिव्हेंज. ओके." आणि ताटल्या लावायला लागली.

रसिका


तारनाका, शुक्रवार, १४ जून

हेमंत,

रविवारी मी उलटले, ते तू पाहिलंस. वळून बघितलंस आणि पुढे गेलास, तेही मी पाहिलं. ईशा मात्र मागे वळून बघत राहिली होती.

उलटलेली बोट सरळ करायला खालच्या पोटावर उभं राहून, दोरी धरून मागे लोंबकळायचं असतं. माझं वजन बावन्न किलो. मी लोंबकळले, बोट थोडी उठली आणि पुन्हा आडवी झाली. असं सात-आठ वेळा. तोंडात ते पाणी, हुसेनसागरचं पाणी, काय सांगू! गेल्या गणपतीतल्या कुठल्याशा मूर्तीची तार पायात अडकली होती. शेवटी क्लबाची मोटरबोट आली. मी रडले, ते पाण्यामुळे कोणाला कळलं नाही. तुला मुद्दाम कळवते.

सोमवारी हिम्मतराव म्हणाले, "खांदा गेलाय, वजन नाही गेलं. शर्यतीत मी बसतो." शहाण्णव किलो! मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाले, "आधी तारेला लटकायचा ट्रॅपीझचा पट्टा मोठा शिवून आण."

तर आता नीट वाच. शर्यतीत मी तुझ्यामागे असेन, फार तर दोन बोटींच्या अंतरावर. तू शेवटच्या फेरीत बोयाला घासशीलच. तुला सांगून ठेवलं तरी घासशील, कारण बोया जवळ आला की तुला दुसरं काही दिसत नाही. आपल्या क्लबात अजून तक्रार करताना लाल फडकं दाखवायची रीत आहे. मी फडकं शिवलंय. कशाचं, विचार. त्या वर्षी जिंकणाऱ्यांना मिळालेला लाल टी-शर्ट आठवतो? कप परत मागितला होता, शर्ट कोणी मागितला नाही. तो कापला. कात्री चालवताना फार छान वाटलं.

मग सुनावणी होईल. कमिटी विचारेल, बोटीवर आणखी कोण होतं? साक्षीला ईशा. खुर्चीवर बसून तिला सांगावं लागेल, लागलं की नाही. खरं बोलली तर तू संपलास. तुझ्यासाठी खोटं बोलली, तर तुझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलताना कसं वाटतं ते तिलाही कळेल, आणि तेव्हा मी का गप्प बसले तेही कळेल. कसंही झालं तरी मी जिंकते.

हिम्मतरावांना हे सांगितलं, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "कप माझा गेला होता, रसिकाबाई. मी विसरलो. पोरीला मधे घालू नक्को." ते विसरू शकतात. त्यांचा फक्त कप गेला होता.

रसिका

ता. क. ईशा विचारत होती, "साक्षी म्हणजे विटनेस ना?" तिच्या वर्गात कोणी साक्षी आहे वाटतं.


तारनाका, शुक्रवार, १९ जुलै

हेमंत,

परवा शर्यत. नाणं घेऊन मी पुन्हा दोन्ही पोटं ठोकली, सगळीकडे टक्क वाजलं. फडकं लाइफ जॅकेटच्या आत पिनेनं लावलंय.

ईशा आठवडाभर फारशी बोलत नाही. तुझ्याकडेही असंच असेल, तर कळव. नसेल तर कळवू नकोस.

रसिका


तारनाका, शुक्रवार, २६ जुलै

हेमंत,

तू तिथे होतास, तरीही सगळं लिहिते, कारण तू उद्या लोकांना भलतंच सांगशील.

वारा चांगला होता. सिकंदराबादच्या बाजूनं बोनालूच्या जत्रेचे ढोल पाण्यावर येत होते. तू पहिल्यापासून पुढे, मी तिसरी, मग दुसरी. शेवटच्या फेरीत पुतळ्याच्या आडोशाला तू नेहमीसारखा अडकलास, मी बाहेरून फिरून आले आणि तुझ्यामागे दोन बोटींच्या अंतरावर पोचले. हिम्मतराव तारेला लटकले होते. बोटीचं एक पोट पाण्यातून वर उठलं होतं, आणि खरं सांगू, त्या क्षणी मला तुझी आठवणसुद्धा नव्हती. आयुष्यात इतकं छान मला क्वचित वाटलं असेल. मग नारिंगी बोया आला आणि सगळं आठवलं.

तू वळलास. बोया डुचमळला. बोटीचा मागचा भाग, तीच जागा. आणि ईशा तारेवरून ओरडली, "लागलं, बाबा! गोल फिर!" हे शब्द तिला कुठून सुचले ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तू म्हणालास, "गप्प बस." मी फडकं काढलं, हात वर केला आणि "प्रोटेस्ट!" म्हणून अशी ओरडले की घसा बसला. ईशानं वळून माझ्याकडे पाहिलं. फडक्याकडे नाही, माझ्याकडे.

तू पहिला आलास, मी दुसरी.

सुनावणीच्या खोलीत तीन माणसं टेबलामागे, तू, मी, हिम्मतराव आणि भिंतीशी ईशा. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. कमिटीनं तुला विचारलं. तू एकदाही तिच्याकडे न बघता म्हणालास, "मला कल्पनाच नव्हती. बाहेर ती होती. तिनं सांगितलंच नाही."

तेच वाक्य, हेमंत. शब्द न् शब्द तेच. सहा वर्षं ज्याची वाट बघितली, ते तुझं तू माझ्या ताटात वाढलंस. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, अर्धा मिनिट मला इतका आनंद झाला की मी हिम्मतरावांचा हात घट्ट धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. मग मी ईशाकडे बघितलं. अकराव्या वर्षी कप मांडीवर घेऊन बसली होती तेव्हा तिचा चेहरा जसा झाला होता, तसाच झाला होता.

तिला विचारलं तेव्हा ती सरळ उभी राहिली. म्हणाली, "लागलं. मी ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं." मग म्हणाली, "आणि २०१८ मध्येसुद्धा माझ्या मम्मीनं सांगितलं होतं. ते मला लेखी माहीत आहे." तुला वाटलं असेल, मी पढवलंय. तू माझ्याकडे तसंच बघत होतास. मी पढवलं नव्हतं. 'लेखी' म्हणजे काय ते मलाही बाहेर आल्यावर कळलं.

बाहेर ती माझ्या बोटीपाशी होती. मागची बुचं काढून पाणी सोडून देत होती. मी जवळ गेले. मान वर न करता म्हणाली, "तू लिहिलं होतंस ना, साक्षीला ईशा. आले. खूश?"

मी कसंबसं म्हटलं, "तुला वाचता येतं?"

"मेट्रोत पाऊण तास असतो, मम्मी. पहिलं पत्र फोटो काढून तीन शनिवार अक्षरं लावत बसले होते. आता एका फेरीत होतं. आणि स्टेपलर बाबांकडे पण आहे."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?" ती म्हणाली. "तुला वाटायचं, मला काय कळतंय. बाबांना पण तेच वाटायचं. त्यांना पुढे जायला मी लागते. तुला त्यांना बुडवायला मी लागते. मला कुठे जायचंय, कुणी विचारलं?"

मी तिला जवळ घ्यायला गेले. ती हात झटकून बाजूला झाली, हेमंत. माझ्यापासून. तुझ्यापासून झाली असती तर मी पेढे वाटले असते.

निकाल तुला माहीतच आहे. तुला बाद केलं, कप माझ्याकडे आला. मी तो हिम्मतरावांना दिला. त्यांनी तो ईशापुढे केला, तर ती म्हणाली, "मला नक्को." त्यांच्यासारखंच म्हणाली.

आता कळवायचं ते. येत्या रविवारी ईशा माझी बोट काढणार आहे. सुकाणूवर ती, क्रू हिम्मतराव. मी विचारलं, मी येऊ का? म्हणाली, "काठावर बस. बाबांना पण सांग, यायचं असेल तर काठावर बसा." तेव्हा सकाळी आठला ये. धक्क्यावर खुर्च्या असतात. मी तुझ्याशी बोलणार नाही, पण येऊन बस. तिनं वळून बघितलं तर दोघंही दिसायला हवेत.

हे पत्र मी पोस्टानं पाठवणार होते. ती म्हणाली, "दे, मी नेते. पण आधी वाचणार." वाचलं, इथेच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, एकेका ओळीवर बोट ठेवून. एका जागी बोट थांबलं. म्हणाली, "बाबा 'गप्प बस' नाही म्हणाले. 'प्लीज, ईशा' म्हणाले. खरं ते लिही, मम्मी."

इतक्या लांबून मला ऐकू आलंच नव्हतं. मला जे हवं होतं ते मी लिहिलं. तेव्हा वर ते वाक्य खोडलंय, वाचता येईल अशी एकच रेघ मारून. तेवढं एकच खोडलंय, बाकीचं एक अक्षर मी मागे घेत नाही.

पाकिटाला स्टेपल मारलेली नाही.

रसिका